नोंद आणि नागरिक

खानेसुमारी हा शब्द कानीं पडला म्हणजे डोळ्यांपुढें एक अगदीं नीरस चित्र उभें राहतें. हातांत कागदांचें भेंडोळें घेतलेला एक गणक दारांत येतो, घरांत माणसें किती, त्यांचें वय काय, धंदा कोणता, असे चार प्रश्न विचारतो, उत्तरें टिपून घेतो आणि शेजारच्या दाराकडे वळतो. वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळीं घडणाऱ्या या प्रसंगांत भांडणाचें कारण असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु १९८३ सालच्या वसंतऋतूंत पश्चिम जर्मनींत याच साध्या प्रसंगावरून असें वादळ उठलें कीं, सरकारला ठरलेली खानेसुमारी ऐनवेळीं थांबवावी लागली. आज बहुतेकांच्या खिशांत मोबाइल फोन असतो, आणि त्याचा धनी कोठें गेला, किती वेळ थांबला, कोणाशीं बोलला, याची टिपणी तो रात्रंदिवस करीत असतो. दारावर येणारा गणक निदान दिसत तरी असे. हा नवा गणक बोलतहि नाहीं आणि दिसतहि नाहीं. म्हणूनच जर्मन नागरिकांनीं त्या वेळीं काय मागितलें आणि त्यांना काय मिळालें, हें आज पुन्हां पाहण्यासारखें आहे.

त्या देशाला खानेसुमारी नवी नव्हती. १९७० सालच्या मे महिन्यांतील गणना कसलाहि गाजावाजा न होतां पार पडली होती. पुढच्या गणनेचा कायदा बुंडेस्टागमध्यें, म्हणजे तेथील लोकप्रतिनिधींच्या सभेंत, एकमतानें संमत झाला आणि गणनेचा दिवस ठरला २७ एप्रिल १९८३. प्रश्न तरी कोणते होते? नांव, पत्ता, जन्मतारीख, धर्म, शिक्षण, उपजीविकेचें साधन, कामावर जाण्याचें वाहन, घराचें भाडें. यांतील एकहि प्रश्न असा नव्हता कीं, ज्याचें उत्तर शेजाऱ्याला किंवा घरमालकाला ठाऊक नसेल. मग लोक बिथरले कशानें?

लोक बिथरले ते कायद्यांतील एका तरतुदीमुळें. मिळालेली उत्तरें स्थानिक कचेऱ्यांतील रहिवाशांच्या नोंदवहीशीं ताडून पाहण्याची आणि ती नोंदवही त्यांवरून दुरुस्त करण्याची मुभा तिनें दिली होती. कांहीं माहिती इतर सरकारी खात्यांकडे पाठविण्याचीहि वाट मोकळी ठेविली होती. म्हणजे जो मनुष्य ‘देशाचे आंकडे हवे आहेत’ असें सांगून दारांत येणार, तोच जातां जातां घरांतील अमुक इसमाची नोंद तपासून जाणार होता. मोजणीच्या निमित्तानें घेतलेलें उत्तर चौकशीच्या कामीं वापरलें जाणार होतें. त्यांतच मोठालीं गणकयंत्रें सरकारी कचेऱ्यांतून नुकतीं स्थिरावलीं होतीं, आणि पूर्वीं दहा कपाटांत विखुरलेले कागद एका क्षणांत एकत्र आणण्याचें सामर्थ्य त्यांच्यांत होतें. पुढचें वर्ष १९८४ होतें. जॉर्ज ऑर्वेलच्या त्याच नांवाच्या कादंबरीची आठवण जो तो एकमेकांस करून देऊं लागला. गांवोगांवीं बहिष्काराच्या समित्या निघाल्या. उत्तर न दिल्यास दंड होईल हें ठाऊक असूनहि शिक्षक, विद्यार्थी, वकील, पाद्री असे नाना तऱ्हेचे लोक त्यांत सामील झाले.

या लोकांना भित्रे किंवा हट्टी म्हणून सोडून देणें सोपें होतें. परंतु त्यांच्या भयाला इतिहासाचा आधार होता. नाझी राजवटींत १९३३ आणि १९३९ सालीं ज्या खानेसुमाऱ्या झाल्या, त्यांचे आंकडे छिद्रें पाडलेल्या कार्डांवर उतरवून हॉलेरिथ यंत्रांनीं मोजले गेले होते. १९३९ च्या गणनेला एक पुरवणीपत्रक जोडलेलें होतें. आपल्या चार आजीआजोबांपैकीं ज्यू वंशाचें कोण होतें, हें त्यांत प्रत्येकानें लिहावयाचें होतें. तें पत्रक भरणाऱ्यांचें पुढें काय झालें, हें १९८३ सालीं हयात असलेल्या वृद्धांना कोणी शिकवावयास नको होतें.

शेजारच्या हॉलंडचें उदाहरण तर याहूनहि अधिक विचार करावयास लावणारें आहे. तेथें युद्धापूर्वीं रहिवाशांच्या नोंदवहींत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला असे. त्या नोंदीमागें कोणाचाहि दुष्ट हेतु नव्हता. राज्यकारभार नीटनेटका चालावा म्हणून प्रामाणिक कारकुनांनीं ती प्रामाणिकपणें ठेविली होती. १९४० सालच्या मे महिन्यांत जर्मन सैन्य देशांत शिरलें आणि ती नीटनेटकी नोंदवही आयतीच त्याच्या हातीं पडली. युद्ध संपलें तेव्हां हॉलंडमधील ज्यू लोकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश मारले गेले होते. २७ मार्च १९४३ च्या रात्रीं कांहीं डच देशभक्त पोलिसांचे गणवेष चढवून ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी-कचेरींत शिरले आणि स्फोट घडवून त्यांनीं तीस आग लावली. त्यांत विलेम आरोन्डेयस नांवाचा चित्रकार-लेखक होता, खेरिट फान डेर फेन नांवाचा शिल्पकार होता. त्या कटांतील बाराजणांना १ जुलै १९४३ रोजीं गोळ्या घालण्यांत आल्या. कांहीं कार्डें जाळण्यासाठीं शहाण्यासुरत्या माणसांनीं प्राण पणास लावावे, इतकें मोल त्या कार्डांना आलें होतें. नोंद करणारा भला असला म्हणून नोंद निर्धोक होत नाहीं, कारण ती त्याच्यामागें उरते आणि उद्यां कोणाच्या हातीं जाईल हें त्याला सांगतां येत नाहीं. हें जर्मन नागरिकांच्या मनांत खोल बसलें होतें.

प्रकरण कार्ल्सरूह येथील संघराज्याच्या घटना-न्यायालयापुढें गेलें. गिझेला विल्ट आणि माया श्टाडलर-ऑयलर या हॅम्बुर्गच्या दोन स्त्री-वकील अर्जदारांत प्रमुख होत्या. गणनेला चौदा दिवस उरले असतां, १३ एप्रिल १९८३ रोजीं, न्यायालयानें ती तहकूब केली. आणि १५ डिसेंबर १९८३ रोजीं अंतिम निकाल दिला. मनुष्याची प्रतिष्ठा व त्याच्या व्यक्तित्वाचा मुक्त विकास यांविषयींचीं जीं कलमें राज्यघटनेंत आहेत, त्यांतून न्यायालयानें एक नवा हक्क काढून दाखविला. आपल्यासंबंधींची माहिती कोणास, कोणत्या कामासाठीं द्यावयाची हें मूलतः ज्यानें त्यानें ठरवावयाचें, असा तो हक्क आहे. त्याला माहितीविषयक आत्मनिर्णयाचा हक्क असें नांव पडलें.

त्या निकालांतील दोन विचार विशेष लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, गणकयंत्रांच्या युगांत कोणतीहि माहिती क्षुल्लक राहिलेली नाहीं. घराचें भाडें ही क्षुल्लक गोष्ट आहे. कामावर जाण्याची वेळ हीहि क्षुल्लक आहे. परंतु अशा शंभर क्षुल्लक गोष्टी एका ठिकाणीं जुळविल्या म्हणजे त्यांतून मनुष्याचें एक पुरें चित्र तयार होतें, आणि तें बरोबर आहे कीं चूक हें त्या मनुष्याला पाहतांहि येत नाहीं. दुसरा विचार असा कीं, आपली हालचाल टिपली जात आहे कीं काय याची ज्याला शंका येते, तो हळूहळू अंग चोरून वागूं लागतो. सभेला गेल्यास आपलें नांव कोठें तरी चढेल असें वाटलें, तर तो सभेलाच जात नाहीं. यांत नुकसान एकट्याचें होत नाहीं; ज्या लोकशाहीला निर्भय नागरिकांची गरज आहे, तिचेंहि होतें. ‘ज्यानें कांहीं पाप केलें नाहीं त्याला भिण्याचें कारण काय?’ असें पुष्कळ सज्जन विचारतात. त्यांना द्यावयाचें उत्तर या दुसऱ्या विचारांत आलेलें आहे. दाराला कडी लावणारा मनुष्य घरांत चोरीचा माल ठेवीत असतो असें कोणी मानीत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. न्यायालयानें खानेसुमारीच बेकायदा ठरविली नाहीं. राज्याला आंकडे लागतात. शाळा कोठें काढावी, इस्पितळांत खाटा किती असाव्या, हें त्यांवांचून ठरत नाहीं. न्यायालयानें रद्द केली ती ताडून पाहण्याची आणि इतर खात्यांकडे देण्याची तरतूद. सरकारनें कायदा नव्यानें केला, मनुष्याचें नांव त्याच्या उत्तरांपासून वेगळें करण्याचे नियम घालून दिले, आणि २५ मे १९८७ रोजीं ती लांबलेली गणना अखेर झाली. बहिष्काराची हांक त्याहि वेळीं दिली गेली होती, पण बहुसंख्य कुटुंबांनीं पत्रकें भरून दिलीं. चार वर्षांपूर्वीं जो प्रश्न लोकांना सरकारी सापळा वाटला होता, त्याच प्रश्नाला मर्यादेचें कुंपण पडतांच त्यांनीं उत्तर दिलें. १९८३ चें वादळ आणि १९८७ ची मोजणी हीं दोन्हीं एकत्र ठेवून पाहिलीं, तरच लोकांच्या वृत्तीचा खरा उलगडा होतो. लोकांचा विरोध माहिती देण्याला नव्हता. तिला शेवट कोठें आहे हें कोणी सांगत नव्हतें, याला तो होता.

यानंतर जग पालटलें. १९८९ च्या शेवटीं बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचीं, म्हणजे श्टासीचीं, दप्तरें उघडकीस आलीं. सुमारें ९१,००० पगारी नोकर आणि त्यांहूनहि मोठी खबऱ्यांची फौज राबवून त्या खात्यानें जे कागद गोळा केले, ते एका रांगेंत उभे केले तर सुमारें १११ किलोमीटर भरतात. १९९२ च्या जानेवारीपासून नागरिकांना आपापलें दप्तर वाचण्याची परवानगी मिळाली. आपल्यावर पाळत ठेवणारा आपला मित्रच होता, हें कित्येकांना त्या दिवाणखान्यांत बसून कळलें. एका मनुष्यावर नजर ठेवण्यासाठीं तेव्हां दुसरीं चार माणसें लागत. पाळत ही महाग वस्तु होती, आणि तिची महागाई हेंच सामान्य माणसाचें थोडेंबहुत संरक्षण होतें.

तें संरक्षण किती नाहींसें झालें आहे, हें २०११ सालीं माल्टे श्पिट्स या तरुण जर्मन राजकारणी पुरुषानें दाखवून दिलें. टेलिफोन-कंपन्यांनीं ग्राहकांच्या संभाषणांची व ठिकाणांची नोंद सहा महिने राखून ठेवावी, असा कायदा जर्मनींत २००८ पासून अंमलांत आला होता. श्पिट्सनें आपल्या कंपनीकडे स्वतःच्याच नोंदीची मागणी केली. ती सहजासहजीं मिळेना, म्हणून न्यायालयाची वाट धरली. शेवटीं हातीं आलेल्या सहा महिन्यांच्या नोंदींत ३५,००० हून अधिक टिपणें होतीं. ‘डी त्साइट’ या साप्ताहिकाच्या इंटरनेट-आवृत्तीनें तीं नकाशावर मांडून प्रसिद्ध केलीं. तो कोणत्या आगगाडीनें कोठें गेला, रात्रीं कोठें मुक्काम केला, कोणत्या वेळीं फोनवर बोलत होता, हें सारें एखाद्या चलच्चित्रासारखें डोळ्यांपुढून सरकूं लागलें. हें चित्र काढण्यासाठीं एकाहि हेराला थंडींत कुडकुडत उभें राहावें लागलें नव्हतें. तो कायदा घटना-न्यायालयानें २ मार्च २०१० रोजींच रद्द केला होता. ज्या युरोपीय आदेशावर तो आधारलेला होता, तो आदेशहि युरोपीय न्यायालयानें ८ एप्रिल २०१४ रोजीं रद्द ठरविला.

हा फोन मनुष्याचें ठिकाण कसें ओळखतो, हें थोडक्यांत समजून घेणें इष्ट आहे. फोन चालू असला म्हणजे जवळच्या मनोऱ्याशीं तो अधूनमधून संपर्क राखतो. तसें न केलें तर येणारें बोलावणें कोणत्या मनोऱ्यावरून पोंचवावें हें कंपनीस कळणारच नाहीं. म्हणजे ही नोंद सोयीच्या पोटीं आपोआप जन्मास येते. दुसरा मार्ग उपग्रहांचा. पृथ्वीपासून सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अचूक वेळ सांगणारे संकेत सारखे सोडीत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोंचण्यास किती अवधि लागला यावरून फोन आपलें स्थान स्वतःच काढतो. फोन कोठें आहे हें त्या उपग्रहांना मुळींच कळत नाहीं. गुपित फुटतें तें यानंतरच्या पायरीवर. हवामान सांगणारें, रस्ता दाखविणारें किंवा नुसता खेळ खेळविणारें एखादें ॲप तें स्थान वाचण्याची परवानगी मागतें, घाईंत ती दिली जाते, आणि मग तें स्थान दूरच्या यंत्रांकडे रवाना होतें. तेथून तें जाहिरातदारांना व माहितीच्या व्यापाऱ्यांना विकलें जाऊं शकतें. ‘नांव काढून टाकलें आहे’ हें आश्वासनहि फार काळ टिकत नाहीं. पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या हालचालींचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, ठिकाण आणि वेळ यांच्या केवळ चार जोड्या ठाऊक असल्या तरी शंभरांतील पंचाण्णव माणसांचा माग इतर सर्वांच्या मागांतून वेगळा काढतां येतो. याचें कारणहि उघड आहे. रात्रीं अमुक घरीं आणि दिवसां अमुक कचेरींत असणारा मनुष्य जगांत बहुधा एकच असतो.

मग १९८३ सालीं गणकाला दारांतून परत पाठविणारे लोक या नव्या गणकाला खिशांत घेऊन कसे हिंडतात? या विसंगतीवर पुष्कळ उपहास झालेला आहे. २०१० सालीं गूगल कंपनीनें जर्मनींतील वीस शहरांच्या रस्त्यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध करण्याचें ठरविलें, तेव्हां सुमारें २,४४,००० कुटुंबांनीं आपल्या घराचें चित्र पुसट करण्याची मागणी केली. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासहि जी भिंत दिसते, ती झांकण्यासाठीं एवढी धडपड, आणि दिवसभराचा प्रवास मात्र फोनच्या हवालीं! टीकाकारांनीं यावरून असा निष्कर्ष काढला कीं, लोकांना खासगीपणाची खरी चाड नाहीं.

हा निष्कर्ष उतावीळपणाचा आहे. छायाचित्रें घेणारी मोटार रस्त्यांतून जातांना सर्वांना दिसली होती, आणि नकार कोणाकडे पाठवावयाचा तेंहि जाहीर झालें होतें. फोनची टिपणी दिसत नाहीं. तिला नकार देण्याची जागा पन्नास पानांच्या अटींत दडलेली असते, आणि नकार दिल्यास नकाशाहि मिळत नाहीं, गाडीहि बोलावतां येत नाहीं. अशा स्थितींतील मौनाला संमति म्हणणें कितपत न्याय्य आहे? २०२१ च्या एप्रिल महिन्यांत ॲपल कंपनीनें आपल्या फोनवर एक सरळ प्रश्न विचारण्याची सक्ति केली. ‘हें ॲप इतर ठिकाणींहि तुमचा माग काढूं इच्छितें; परवानगी आहे काय?’ अशा अर्थाचा तो प्रश्न होता. प्रश्न डोळ्यांसमोर येतांच ग्राहकांनीं इतक्या मोठ्या संख्येनें नाहीं म्हटलें कीं, फेसबुक चालविणाऱ्या कंपनीनें त्या बदलामुळें २०२२ सालीं सुमारें १० अब्ज डॉलरांचें उत्पन्न बुडेल असा अंदाज जाहीर केला. विचारलेंच नाहीं तोंवर जी उदासीनता वाटत होती, ती विचारतांच नकार ठरली.

कोरोनाच्या सांथीनें या वृत्तीची आणखी एक कसोटी घेतली. रोग्याच्या संपर्कांत कोण आलें हें शोधण्यासाठीं फोनचा उपयोग करावा, ही कल्पना २०२० च्या मार्चमध्यें जर्मनींतहि पुढें आली. लोकांचें ठिकाण टिपावें आणि माहिती एका मध्यवर्ती ठिकाणीं ठेवावी, असे प्रारंभींचे विचार होते. त्यांवर शास्त्रज्ञांनीं व नागरिक-संघटनांनीं कडाडून टीका केली आणि सरकारनें माघार घेतली. १६ जून २०२० रोजीं जें ॲप निघालें, तें ठिकाण टिपतच नव्हतें. दोन फोन कांहीं वेळ जवळजवळ होते एवढीच खूण ते आपापल्यापाशीं ठेवीत, आणि थोड्या दिवसांनीं ती पुसली जाई. ॲपची अंतर्गत रचनाहि कोणीं तपासून पाहावी म्हणून खुली ठेविली होती. सक्ति नसतांना पहिल्या चोवीस तासांतच साठ लाखांहून अधिक लोकांनीं तें आपल्या फोनवर घेतलें. काम संपल्यावर, २०२३ सालच्या जूनमध्यें, तें निजविण्यांत आलें.

त्याच काळांत लुका नांवाचें दुसरें एक ॲप उपाहारगृहांत येणाऱ्यांची नोंद ठेवीत असे. ती नोंद केवळ रोगनिवारणासाठींच वापरावयाची असा कायदा होता. २०२१ च्या नोव्हेंबरांत माइन्झ शहरीं उपाहारगृहांतून बाहेर पडलेला एक मनुष्य पडून दगावला. त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या पोलिसांनीं आरोग्य-खात्यामार्फत त्या ॲपमधील नोंद मिळविली आणि त्या संध्याकाळीं तेथें असलेल्या एकवीसजणांना साक्षीसाठीं गांठलें. पोलिसांचा हेतु वाईट नव्हता; एका मृत्यूचा छडा लावावयाचा होता. परंतु दिलेलें वचन मोडलें गेलें, आणि त्यास कायद्याचा आधार नव्हता हें पुढें सरकारी वकिलांच्या कचेरीला कबूल करावें लागलें. २०२२ च्या आरंभीं ही हकीकत बाहेर पडतांच ॲप काढून टाकण्याचीं आवाहनें झालीं, आणि अनेक प्रांतांनीं त्या कंपनीशीं असलेला करार पुढें चालविला नाहीं. पोलिसांना एकवीस साक्षीदार मिळाले, परंतु लक्षावधि लोकांचा विश्वास त्या व्यवहारांत खर्चीं पडला.

भारतीय श्रोत्यांना ही कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं. स्वतंत्र भारतानें १९४८ सालीं खानेसुमारीचा जो कायदा केला, त्याच्या पंधराव्या कलमान्वयें गणनेचीं कागदपत्रें कोणास पाहावयास मिळत नाहींत आणि सर्वसाधारणपणें तीं न्यायालयांत पुरावा म्हणूनहि चालत नाहींत. मोजणीसाठीं दिलेलें उत्तर चौकशीला लागूं नये, हें तत्त्व कार्ल्सरूहच्या निकालापूर्वीं पस्तीस वर्षें भारताच्या कायद्यांत लिहिलें गेलें होतें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ सालीं व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याचे नियम निघाले. कोणत्या कामासाठीं माहिती हवी हें सांगून संमति घ्यावी, आणि काम संपल्यावर ती पुसून टाकावी, हें त्यांत आहे. मात्र सरकारी संस्थांना त्यांतून सूट देण्याचा अधिकारहि त्याच कायद्यानें केंद्र सरकारला दिलेला आहे, आणि तो किती रुंद असावा याविषयीं विचारवंतांत मतभेद आहे. १ मार्च २०२७ ही आधारतिथि धरून होणारी गणना डिजिटल साधनांनीं घेतली जाईल, असें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. दारांत येणारा गणक आणि खिशांतला गणक यांची भेट त्या दिवशीं भारतांतहि होणार आहे.

अशा वेळीं सुशिक्षित कुटुंबानें दोन टोकें टाळावीं. कोणतीहि नोंद म्हणजे कारस्थान असें मानून दार लावून घेतलें, तर शाळा, इस्पितळें व रेशन यांचे हिशेब चुकतात, आणि त्या चुकीची झळ प्रथम गरिबाला लागते. उलट, विचारील त्याला विचारील तें देत गेलें, तर कालांतरानें नकार द्यावयाचा असतो याची आठवणहि बुजते. या दोहोंमधील वाट जर्मन नागरिकांनीं शोधली ती तीन साध्या प्रश्नांनीं. ही माहिती कशासाठीं हवी? ती आणखी कोणाच्या हातीं जाणार? ती पुसली केव्हां जाणार? गणक दारांत उभा असो वा ॲप फोनच्या पडद्यावर परवानगी मागत असो, हे प्रश्न विचारण्याचा हक्क घरांतील प्रत्येकाला आहे. ज्यांना सरळ उत्तर देतां येतें, त्यांना माहिती देण्यास लोक सहसा कचरत नाहींत, हें १९८७ सालीं दिसलें आणि २०२० सालींहि दिसलें. ज्यांना उत्तर देतां येत नाहीं, त्यांना तें सुचेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबावयास सांगण्यांत कसलाहि अविनय नाहीं.